लसूण अजून सोललाच नव्हता

सात जून. लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसले होते. मुलगी माहेरी आली होती, जाताना तिला बरणी भरून द्यायची होती. खाली पोतं, समोर मोठी विळी, शेजारी टोपलीत लसणाच्या गड्ड्या. आमच्याकडे लोणच्यात लसूण भरपूर पडतो. सोलायचा कंटाळा येतो म्हणून मी तो नेहमी शेवटी ठेवते.

मुलगी आणि तिचा दोन वर्षांचा पोरगा मधल्या खोलीत निजले होते. पोराला पहाटेपासून दोनदा उलटी झाली होती. आदल्या दिवशी त्याने आंबे खाल्ले होते, म्हणून आंबा बाधला असं आम्ही ठरवून टाकलं. मुलीचं डोकं दुखत होतं, ते उन्हावर गेलं. मी दोघांना पन्हं पाजलं आणि पडून राहा म्हटलं.

मधली खोली घरात सगळ्यात थंड. कुलर तिथल्याच एका खिडकीत बसवलेला. यंदा धानही तिथंच होतं. माकडांनी पडवीच्या छपराची कवेलू फोडली, म्हणून उन्हाळी धानाची पोती आमच्या मालकांनी त्या खोलीच्या भिंतीला लावली. दोन दिवसांपूर्वी ते अड्याळला जाऊन किडीच्या गोळ्या घेऊन आले. दुकानदाराने पुडीत सुट्ट्या दिल्या होत्या. जुन्या धोतराच्या चिंध्यांत एकेक गोळी बांधून त्यांनी पोत्यात घातली, तोंडं शिवली, वरून ताडपत्री टाकली.

मी तेव्हा विचारलं होतं, "लेकरू तिथं निजते. त्याच्या हाती लागली तं?"

"पोतं शिवलं, वरून ताडपत्री. हाती कायची लागते? मोठ्या माणसाले नाई सुटत थे."

उरलेली पुडी मी पोराचा हात पोचणार नाही अशी वर माळ्यावर ठेवली आणि निर्धास्त झाले. आम्ही दोघांनीही विचार केला तो हाताचाच.

कैऱ्या फोडून झाल्या तशी मी बरणी आणायला मधल्या खोलीत गेले. लाईन गेलेली, कुलर बंद. झळ येऊ नये म्हणून दार आणि दुसरी खिडकी लावून घेतलेली. मायलेकं तख्तपोसावर झोपली होती. बरणी कोपऱ्यात होती. तिच्यामागे उंदीर मरून पडला होता. बाजूला एक पाल, पोट वर करून.

पहिल्यांदा बरंच वाटलं. गोळ्यांनी काम केलं म्हणायचं. उंदीर उचलायला कागद घ्यावा म्हणून मी वळले आणि लसणाचा वास आला. माझ्या हाताचा असेल, असं वाटून हात नाकाशी नेला. हाताला नुसत्या कैरीचा वास. लसूण तर अजून सोललाच नव्हता.

मग पुढचं सुचलं. उंदीर पोत्यात मेला नव्हता. ताडपत्रीच्या बाहेर, चार हात लांब, बरणीमागे मेला होता. पालीने काही धान खाल्लं नव्हतं. म्हणजे पोत्यातून काहीतरी बाहेर येत होतं, खोलीभर पसरलं होतं, आणि माझी माणसं दोन रात्री तेच नाकात घेत होती.

मी पोराला उचललं. तो ओल्या कपड्यासारखा अंगावर आला. मान एका बाजूला गेली. अंग गार, कपाळाला घाम. मुलीला पायाने ढोसलं, हात मोकळा नव्हता.

"ऊठ. बाहेर चल."

"काय झालं वं माय?"

"मंग सांगतो. पहिले बाहेर चल."

ती उठली आणि दाराला धरून उभी राहिली. तिचे पाय लटपटत होते. अंगणात आंब्याखाली दोघांना आणलं, पोराच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास होता. भराभर चालला होता, पण होता. मालक गोठ्यातून आले.

"झोपू द्या न लेकराले," ते म्हणाले.

"तुमच्या गोळ्याइची पुडी माळ्यावर आहे. दार उघडं टाका, पुडी घ्या अन् लगेच बाहेर या. कोणाची तरी गाडी पाहा."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सांगितलं तसंच केलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

शेजाऱ्याने गाडी काढली. सगळ्या काचा खाली करून भंडाऱ्याला सरकारी दवाखान्यात गेलो. रस्ताभर मी पोराच्या नाकाखालचं बोट काढलं नाही. गाडी खड्ड्यातून उसळली की बोट हलायचं, श्वास हरवायचा, आणि पुन्हा सापडेपर्यंत मी कान त्याच्या तोंडाशी नेऊन धरायचे. मुलगी त्याला हाका मारत होती. तो डोळे उघडायचा, आमच्याकडे पाहायचा आणि मिटायचा. ओळखीचं काही त्या नजरेत नव्हतं.

डॉक्टरीणबाई तरुण होती. पुडी पाहिली आणि तिचा चेहरा बदलला.

"गोळी खाल्ली का त्यानं?"

"नाही. पोत्यात होत्या. तो त्याच खोलीत निजायचा."

"कुलर लावत होतात?"

"रात्रभर."

तिने समजावून सांगितलं. या गोळीला ओल लागली की विषारी वायू सुटतो, लसणासारखा वास त्याचाच. हवेतली ओलही पुरते, आणि कुलर तर ओलच सोडतो. पोतं शिवून तो अडत नाही. राहत्या घरात या गोळ्या वापरायच्याच नसतात.

"उतारा काय यावर?" मी विचारलं.

"यावर उतारा नाही, काकू. ऑक्सिजन लावू, सलाईन देऊ. हृदयाचे ठोके पाहत राहू. उद्या सकाळपर्यंत निभावलं तर बरं म्हणायचं."

माझं घर चालतं ते प्रत्येक गोष्टीला काही ना काही उतारा असतो या भरवशावर. विंचू चावला, भाजलं, पोट बिघडलं, मला करायला काम असतं. तिथं काम नव्हतं. पोराच्या छातीला वायरी लावल्या होत्या आणि पडद्यावर एक रेघ उड्या मारत चालली होती. उडी जराशी उशिरा पडली की मी नर्सकडे पाहायचे. ती म्हणायची, "रेघेकडे पाहू नका काकू, लेकराकडे पाहा." लेकराकडे पाहायची मला जास्त भीती वाटत होती.

मुलीला शेजारच्या वॉर्डात सलाईन लागलं. तिचं दुखणं कमी होतं. ती दर थोड्या वेळाने निरोप पाठवायची, पोरगा काय करतो. मी सांगायचे, झोपला आहे. खरंही तेच होतं आणि भीतीही त्याचीच होती.

उजाडता उजाडता पोराने नाकावरची नळी ओढली आणि "आजी, पाणी" म्हणाला. डॉक्टरीणबाईने तपासलं. ठोके बरोबर होते. आणखी एक दिवस ठेवू म्हणाली. मी बाहेर येऊन पायरीवर बसले.

मालक चहा घेऊन आले. कप हातात दिला आणि खाली पाहत म्हणाले, "अड्याळले मी एकटा नव्हतो. खालच्या मोहल्ल्यातला तो विणकर होता संगं. त्यानंही घेतल्या."

"काल काहून नाई सांगतलं?"

"काल डोकं ठिकाणावर होतं काय माझं?"

त्या घरात पाळणा आहे, सव्वा महिन्याचं बाळ आहे. मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. आम्हाला सोडून कालच परतलेल्या शेजाऱ्याला लावला, तोही उचलेना. चहा तिथंच ठेवून मी बसस्टँड गाठला.

गावात उतरल्यावर स्वतःच्या घराकडे वळलेच नाही. विणकराची आई अंगणात सडा टाकत होती.

"आली काय वं? नातू कसा आहे? आंबे जास्त चारले म्हणे तुम्ही."

"बरा आहे. तुमचं बाळ कुठं निजलं?"

"कोठीच्या खोलीत. थंड राह्यते थे. आताच डोळा लागला त्याचा, उठवू नको बाई."

मी चपलांसकट आत गेले. खोलीत पोती होती, त्यांवर चादर, आणि पोत्यांना लागून पाळणा. सून खाली चटईवर झोपली होती. तिला हाक मारली, दार पायाने सताड उघडलं, बाळ दुपट्यासकट उचललं आणि अंगणात आणलं. सून मागोमाग धावत आली. म्हातारी हातात बादली घेऊन माझ्याकडे पाहत राहिली, मी वेडी झाले की काय अशी.

उन्हात आल्याबरोबर बाळाने तोंड वासलं आणि रडायला सुरुवात केली.

"कायले उठवलं वं? पाहा, रडून राहिलं."

"रडू द्या," मी म्हटलं, आणि बाळ सुनेकडे देऊन खिडकी उघडायला मागच्या बाजूने गेले.