शांताक्कांची पूजा होईपर्यंत

जळकोटच्या रुद्रम्मानं फोडलेल्या भुईमुगाच्या शेंगेतला दाणा कधी दुभंगत नसे. पेरणीला अख्खाच दाणा लागतो, म्हणून शंकरप्पा आडत्यांच्या वखारीत बियाण्याच्या शेंगा तिच्याच पुढ्यात पडत. शेंगा चोरीला जाऊ नयेत म्हणून वखारीचं दार दिवस उगवताना लागे, ते संध्याकाळीच उघडे. उशीर झालेली बाई माघारी जाई.

१९४३च्या हिवाळ्यात तिच्या सासूची, शांताक्कांची, डावी बाजू लुळी पडली. नवरा मालाची बैलगाडी घेऊन सोलापूरच्या वाटेवर असायचा. शांताक्का अंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात घास घालत नसत. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर धरायचं, आणि तोच हात गेलेला. पहाटेच्या कडाक्यात लुळ्या अंगाला न्हाऊ घालता येत नसे, आणि तो हात धरणारी सून दिवसभर वखारीत, शेजारणीही तिथंच. म्हातारी संध्याकाळपर्यंत उपाशी राहू लागली. पंधरा दिवसांत ती निम्मी झाली.

एके दिवशी रुद्रम्माच्या ढिगात फुटके दाणे निघाले. शंकरप्पांनी कारण विचारलं.

"घरी आत्या उपाशी हायत, आप्पा. ध्यान तिकडं जातं."

शंकरप्पांनी लगेच आपल्या घरून भाकरी, आमटी आणि दह्याची वाटी मुकादम बिराप्पाच्या हाती धाडली. घटकाभरात थाळी जशीच्या तशी परत आली.

शंकरप्पांना राग आला. "आमच्या घरचं अन्न चालत न्हाय व्हय तुझ्या सासूला?"

रुद्रम्मा मान खाली न घालता बोलली, "अन्न कुणाला नको असतं, आप्पा? पण पूजा राहिलीया. तुमी तरी पूजेबिगर घास घेता का?"

शंकरप्पांचा हात आपसूक गळ्यातल्या इष्टलिंगाच्या करंडकाकडं गेला. त्यांची स्वतःची पूजा सकाळी निवांत होत असे.

"मी रोज सकाळी त्यांना न्हाऊ घालून, पूजा करून, जेवू घालून येते," रुद्रम्मा म्हणाली. "तेवढा वेळ संध्याकाळी जास्त बसंन."

"अन् बाकीच्या बायकांनी बी असंच मागितलं तर?" बिराप्पानं विचारलं. "सगळी शिस्त मोडंल, आप्पा."

"मागू दे. जिच्या घरी अडलंय, तिनं सांगून उशिरा यावं. तू दार उघडायचं, बिराप्पा. आन् रुद्रम्मा, तू संध्याकाळी सगळ्यांबरोबरच घरी जा. मला दाणा अख्खा पायजे."

दुसऱ्या दिवशी कासराभर दिवस वर आल्यावर बिराप्पानं तोंड वाकडं करत रुद्रम्मासाठी दार उघडलं. घरी शांताक्कांनी दीड भाकरी खाल्ली होती, वर अजून दही मागितलं होतं.

"आल्या बाई सावकारीण!" शेजारच्या ढिगावरची कडूबाई ओरडली. बायका हसल्या.

"आले. सरक जरा."

कडूबाई सरकली. थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं, "माझं लेकरू दुपारी दुधासाठी रडतंय गं. मला बी सोडतील का?"

"इचार की आप्पांना. चावत न्हाईत," रुद्रम्मा म्हणाली आणि तिनं पुढची शेंग उचलली.