अनवाणी नवस आणि डावी टाच

गुडघा बदलायचं ठरलं तेव्हापासून माझी देवावरची श्रद्धा वाढली की डळमळली, हे मला आजही नीट सांगता येत नाही. भीती मात्र वाढली. इकडे माळव्यात, आमच्या स्नेहलतागंज वस्तीत शेजारीपाजारी कुणाचा ना कुणाचा गुडघा बदललेला, आणि प्रत्येकाकडे घाबरवणारी एक तरी गोष्ट तयार. पलासियातल्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं होतं, "काकू, हे ऑपरेशन आता बरंच सुरक्षित झालंय. पण अंगावर कुठे जखम, फोड, किडलेला दात असेल तर माझ्यापासून लपवू नका." मी मान डोलावली, आणि घरी येऊन गणपतीला नवस बोलले: अकरा मंगळवार अनवाणी दर्शनाला येईन, मला यातून सुखरूप बाहेर काढ.

सून म्हणाली, "आई, तुम्ही पण ना, कमाल करता! गुडघा इतका दुखतो, आणि वरून चप्पल नाही घालायची?" पण मी हट्टाला पेटले की ऐकते कुणाचं? दहाव्या मंगळवारी देवळाबाहेर फुटलेल्या नारळाच्या करवंटीचा तुकडा डाव्या टाचेत शिरला. उपटून काढला, हळद भरून पट्टी बांधली आणि तोंड मिटून बसले. अकरावा मंगळवारही लंगडत पार पाडला. ऑपरेशन तीन दिवसांवर आलं होतं, मुलगा रजा काढून पुण्याहून आला होता. बोलले असते तर तारीख पुढे गेली असती. शिवाय देवाच्या दारात लागलंय, देवच बरं करील, असं मी मनाला पढवलं.

ऑपरेशन उजव्या गुडघ्याचं, म्हणून नर्सनं उजवाच पाय स्वच्छ केला. थंडी वाजते असं सांगून मी डाव्या पायात मोजा ठेवला. त्या सकाळी मी नामस्मरण करत पडले होते. मुलगा आणि सून कागदांवर सह्या करायला बाहेर गेले होते. तेवढ्यात डोक्यावर पदर घेतलेली एक अनोळखी तरुण बाई आत आली. "पाय लागूं मौसीजी" म्हणत तिनं माझे दोन्ही पाय धरून चांगले दाबले, इकडे माळव्यात सुना थोरामोठ्यांचे दाबतात तसे. मी कळवळून ओरडले.

"हाय राम, क्या हो गया?" म्हणत तिनं मोजा खाली ओढला. टाच लालभडक सुजलेली, पट्टीला पू लागलेला. नर्स धावत आली. ती बाई घाबरून गेली, "गलत कमरे में आ गई, माफ करना मौसीजी," असं पुटपुटत निघून गेली.

ऑपरेशन रद्द झालं. डॉक्टर रागावले नाहीत, खुर्ची ओढून जवळ बसले. "काकू, हे जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत गेले असते, तर तो सांधा पुन्हा काढायची वेळ आली असती. मला सांगितलं का नाहीत?" मला रडूच कोसळलं. सून पाठीवरून हात फिरवत राहिली. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

टाच पूर्ण भरल्यावर, काही आठवड्यांनी, ऑपरेशन नीट पार पडलं. त्या वेळी डॉक्टरांनी विचारायच्या आधीच मी एक दुखरी दाढसुद्धा दाखवून, उपचार करून घेतले होते. आता मी आधाराशिवाय चालते. त्या बाईची आजूबाजूच्या खोल्यांत चौकशी केली, पण पत्ता लागला नाही. असेल कुणाची तरी नवी सून, मावससासूला पहिल्यांदाच भेटायला आलेली. त्यापलीकडे मी काही म्हणत नाही.

एवढं मात्र कळतं की शरण जाणं म्हणजे अनवाणी चालणं नव्हे. ज्याच्या हाती स्वतःला सोपवायचं, त्याच्यापासून काही न लपवणं, हे मला चालण्याहून जड गेलं. सुखरूप ठेव, असं मी गणपतीला म्हटलं आणि त्याच तोंडानं डॉक्टरांशी खोटं वागले. तरीही त्यानं माझं मागणं पुरवलं, माझ्याच हट्टाला आडवं येऊन.