ट्रेलरच्या आत बसणारे युसूफचाचा

हिंगोलीतल्या आमच्या फर्निचरच्या दुकानातून कपाट निघालं, की तिथले जुने सुतार युसूफचाचा त्याच्यासोबत बंद ट्रेलरमध्ये जाऊन बसत. दार बाहेरून लावायला लावत आणि गाडी आधी एसटी डेपोपर्यंत फिरवून दुकानाशी परत आणायला सांगत. आतल्या अंधारात काही खडखडलं, की पत्र्यावर दोन थापा मारून गाडी थांबवत आणि बांधणी पुन्हा कसत. म्हातारा आत काय करतो, असं लोक विचारत. मी म्हणायची, कपाटांना झोपवतो.

"ताई, उघड्या गाडीत माल दिसते," ते म्हणत. "बंद डब्यात त्याला ऐकावं लागते."

वडिलांच्या मागे दुकान माझ्याकडे आलं, तेव्हा हा ट्रेलर मी बनवून घेतला. आत माल बांधायची सोय कशी करायची, यावरून आमचं चांगलंच वाजलं. मला भिंतीला लोखंडी पट्ट्या हव्या होत्या. हूक पाहिजे तिथे सरकवता येतात. चाचांना तळालाच कड्या हव्या होत्या. भिंत पत्र्याची, ती मालासोबत हलणार, असं त्यांचं म्हणणं. ते माझ्याशी बोलेनासे झाले, तेव्हा कुठे मी तळाला कड्या बसवल्या. दोर पॉलिश खातो म्हणून तो त्यांनी बाद केला. खटका ओढून कसायचे पट्टे घेतले आणि कपाटाच्या कोपऱ्यांना जुन्या खाटेची नवार गुंडाळली. माणूस हेकट, पण त्यांनी बांधलेला आरसा कधी तडकला नाही.

तडकला तो त्यांच्याच लेकीचा. शबानाला लग्नात द्यायचं आरशाचं कपाट चाचांनी स्वतः घडवलं होतं. सासर हट्टा गावचं. ते पोचवायच्या दिवशी चाचा डेपोची फेरी झाल्यावर न उतरता थेट हट्ट्यापर्यंत आतच बसून आले. मी पुढे ड्रायव्हरशेजारी होते; इंजिनाच्या घरघरीत आम्हाला काही कळलं नाही. दार उघडलं तेव्हा ते हसत म्हणाले, "एकदम गप आलं बघा." त्यांच्या शेजारीच एक पट्टा ढिला होऊन लोंबत होता आणि आरसा वरपासून खालपर्यंत तडकलेला होता. कपाट वाटभर त्यांच्या कानाशी आपटत आलं होतं.

चाचांनी आरशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना ऐकू येत नाही, हे मला तिथे कळलं. शबाना पुढे झाली. "अब्बा, चेहरा दिसून राहिला ना. ऱ्हाऊ द्या." तिने ते दुसऱ्यांदा मोठ्याने म्हटलं, म्हणजे तिला आधीच ठाऊक असावं.

त्यानंतर चाचा ट्रेलरमध्ये चढले नाहीत. कानाचं यंत्र आणून दिलं, ते खिशातच राहिलं. नुसते बसा तरी आत, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "बहिऱ्यानं राखण करू न्हाई, ताई."

यंदाच्या थंडीत ते गेले. त्यांच्या दफनानंतर पहिलंच कपाट वसमतला निघालं, तेव्हा मी आत चढले, ते बसायचे त्या पोत्यावर बसले आणि दार लावायला सांगितलं. डेपोच्या वळणावर एक खटका किणकिणला. मी पत्र्यावर दोन थापा मारल्या, दार उघडून घेतलं, पट्टा कसला आणि पुन्हा बसले. मग दुकान येईपर्यंत काहीच वाजलं नाही. शेवटी शेवटी चाचा अशाच शांततेत बसून असायचे आणि माल नीट बांधलाय म्हणून खूश व्हायचे, हे मनात आलं आणि मला रडू आवरेना.