थोरली बाकावरून उठत नाही

सलग पाचव्या रविवारी थोरली ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठली नाही. आईला जी काळजी लागली, ती शनिवार उजाडला तरी जायचं नाव घेईना.

बाहेरच्या माणसाला यात काळजी करण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपत आली की एकेका बाकावरची माणसं उठतात, मधल्या वाटेत रांग लावतात, फादरांच्या हातून ती पातळ, गोल, पांढरी भाकर घेतात आणि कडेच्या वाटेने जागेवर परत येतात. सक्ती कुणावर नसते. पण दर रविवारी उठणारं माणूस बसून राहिलं, तर शेजारच्यांना त्याच्या गुडघ्यांवरून वाट काढावी लागते आणि सगळ्या बाकाला कळतं. एकदा असं झालं तर चालून जातं, ख्रिस्तप्रसादाआधी तासभर काही खायचं नसतं, तेव्हा घरून निघताना काहीतरी तोंडात टाकलं असेल असं लोक धरून चालतात. दोनदा झालं की तब्येत विचारतात. पाचदा झालं की कुणी काही विचारत नाही, आणि आईला धास्ती होती ती या न विचारण्याची. मनावर मोठं पाप असेल तर त्या रांगेत उभं राहायचं नसतं, हे तिथल्या प्रत्येकाला सातव्या-आठव्या वर्षीच शिकवलेलं.

बरं, बसून राहणारी कोण, तर थोरली.

थोरली अडतीस वर्षांची. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासून फ्रेममध्ये बसवणं हे तिचं काम. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. पाच-सहा वर्षांची असताना ही त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून सांडलेले स्क्रू लोहचुंबकाने वेचायची आणि एकही हरवू द्यायची नाही. ते गेले तेव्हा ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. वर्ष पुरं केलं, आणि त्यांचे बारीक स्क्रूड्रायव्हर एका फडक्यात गुंडाळून चष्मेवाल्याकडे जाऊन उभी राहिली. तिथे आता एकोणीस वर्षं झाली. पुढच्या खोलीत नंबर तपासायला गिऱ्हाईक बसलं की ती मागून कान देऊन ऐकते. एक म्हातारे गृहस्थ दर वर्षी यायचे आणि तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणायचे. सगळे खूश. थोरलीने एके दिवशी बाहेर येऊन गुपचूप तक्ता बदलला, तर आजोबा जुनाच तक्ता म्हणत राहिले. "पाठांतर छान आहे तुमचं," ती म्हणाली, "आता जरा बघून वाचा." त्याच महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. अजूनही ते तिला 'फौजदारीण' म्हणतात.

चर्चमध्ये तिचं काम वाचनाचं. रविवारी पुढे येऊन बायबलमधले उतारे कोणी वाचायचे, त्याची यादी ती आणि मास्तर मिळून करतात. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, तिचेही एके काळचे शिक्षक. नवीन वाचक आला की थोरली त्याला शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये उभं करते, स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसते आणि तिथून हात वर करते, म्हणजे 'ऐकू येत नाही'. तिच्या त्या हाताला भलेभले घाबरतात. मिस्सा झाल्यावर मात्र तीच पायऱ्यांवर बसते, पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढते, आणि बायकापुरुष आपापले चष्मे घेऊन भोवती जमतात. कुणाची काडी सैल, कुणाचं नाकाडं वाकडं. दहा मिनिटं हे चालतं. त्या दहा मिनिटांत गावगप्पाही होतात, आणि थोरली कुणाला चष्मा देईपर्यंत मान वर करत नसल्यामुळे लोक तिच्यासमोर मोकळं बोलतात.

तिचं लग्न झालेलं नाही. सत्ताविसाव्या वर्षी एक ठरत आलं होतं. मुलगा चांगला होता, फक्त म्हणाला की लग्नानंतर आमच्या चर्चमध्ये यावं लागेल आणि तिथे सुनांनी पुढे जाऊन वाचायची पद्धत नाही. थोरलीने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मग तुमच्याकडे कोण वाचतं? ज्यांचं मागे ऐकू येत नाही ते?" तो विषय तिथेच मिटला. आई त्यावर वर्षभर रडली, आणि पुढची दहा वर्षं अधूनमधून रडायची. तीन वर्षांपूर्वी थोरलीने दुकानाच्या वरची खोली भाड्याने घेतली. भांडण काही नव्हतं. "जिने उतरले की कामावर, मला बरं पडतं," एवढंच म्हणाली. तेव्हापासून आई आणि ती भेटतात त्या रविवारी, उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर.

आणि त्या बाकावर ती पाच रविवार खिळल्यासारखी बसून होती.

आईने मनात सगळे घोडे दामटून पाहिले. आधी वाटलं, आजार. पोरगी डोळ्यांना तंदुरुस्त दिसत होती, पण आतलं कोणी पाहिलंय? मग वाटलं, कुणी माणूस. आणि माणूस असला तर लपवण्यासारखा का, या प्रश्नापाशी आली की आईला घाम फुटायचा. दुकानाचा मालक? त्याला नातवंडं होती. दुकानात येणारा औषधकंपनीचा तो उंच विक्रेता, ज्याची बायको गावाला असते? आई एके दिवशी भाजीचं निमित्त काढून दुकानापुढून दोनदा गेली. मागच्या खोलीत थोरली पाण्याखाली भिंग घासत होती, डोळ्यांवर जाड चष्मा, कपाळावर पाण्याचे शिंतोडे. कोणी उंच माणूस नव्हता. आईला हायसं वाटलं, आणि लगेच वाटलं, आज नसेल, काल असेल.

सगळ्यात वाईट विचार पहाटे यायचा. हिचा विश्वासच उडाला असेल. आज रांगेत नाही, उद्या बाकावर नाही, परवा चर्चच्या दारात नाही. मग रविवारचा तो एक तास गेला की दोघींमध्ये उरतं काय?

विचारायची मात्र छाती होईना. थोरली वागत होती नेहमीसारखीच. उलट जास्तच नीट. तिसऱ्या रविवारी तिने आईच्या चष्म्याचे नाकावर रुतणारे तुकडे बदलून दिले, चौथ्या रविवारी गोळ्यांची पाकिटं आणून दिली आणि आठवड्याच्या डबीत भरूनही दिली. 'जेवलीस का', 'पाय दुखतो का', 'जिन्यात दिवा लागला का', सगळं रीतसर. सरकारी ऑफिसातल्या चांगल्या बाईसारखं.

पाचव्या रविवारी मिस्सा सुटल्यावर वेदीवरची फुलं सजवणाऱ्या बाईंनी आईला खांबापाशी गाठलं. या बाई ताज्या बातमीला फुलांइतक्याच जपणाऱ्या.

"थोरलीचं काही पथ्यपाणी चाललंय का?"

"नाही हो. का?"

"काही नाही. सहज. गुडघे आखडले असतील, उठबस नको वाटत असेल. दिवसभर मशिनीपाशी बसायचं म्हणजे."

"तिचे गुडघे ठणठणीत आहेत."

"असू देत, असू देत. मी आपली म्हटलं." बाईंनी हातातली सुकलेली पानं पिशवीत टाकली. "आजकाल कुणाला विचारायची सोय नाही. माझ्या भाच्याचं असंच झालं होतं. आधी रांगेत जाईना. मग एकदम रजिस्टर लग्नच."

आई घरी आली ती जेवलीच नाही.

बुधवारी तिने धीर करून फादरांना गाठलं. फादर चर्चच्या मागच्या ऑफिसात नवीन पंख्याला जुन्या पंख्याची दांडी जोडत होते. आईने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "फादर, ती पापनिवेदनाला येऊन गेली का, एवढंच सांगा."

"एवढंच तर मला सांगता येत नाही. ते गुपित असतं."

"मी तिची आई आहे."

"म्हणूनच तर." फादरांनी पंखा खाली ठेवला. "तुम्ही तिला विचारलंत?"

"नाही."

"का?"

"ती सांगेल म्हणून भीती वाटते."

फादर हसले नाहीत. म्हणाले, "मग तुमची काळजी तिच्या उत्तराची आहे. ते उत्तर माझ्याकडून कसं मिळेल?" आईला हे तोंडात मारल्यासारखं वाटलं. परत येताना तिने दोन गल्ल्या उगाच जास्त पालथ्या घातल्या.

शनिवारी दुपारी ती मास्तरांकडे गेली. थोरलीने वाचकांच्या यादीतून नाव काढून घेतलंय का, तेवढं बघायचं होतं. नाव असेल तर विश्वास शाबूत, असा तिचा हिशेब. मास्तर गच्चीत वाफ घेत बसले होते, डोक्यावर टॉवेल. दीड महिन्यापूर्वी धरलेला खोकला अजून सुटला नव्हता.

"नाव आहे," टॉवेलाच्या आतून आवाज आला. "उद्याचं दुसरं वाचन तिचंच. फक्त विनंत्या वाचायला नको म्हणाली, त्या मी दुसऱ्याकडे दिल्या."

विनंत्या म्हणजे लोकांच्या प्रार्थना. दाराशी एक लाकडी पेटी असते, तिच्यात ज्याला वाटेल तो चिठ्ठी टाकतो. कुणाचं ऑपरेशन, कुणाची परीक्षा, कुणाचे वडील गेलेले. नाव घालायचं नाही असा नियम. रविवारी वाचक त्या वाचून दाखवतो आणि प्रत्येक चिठ्ठीनंतर सगळे एका सुरात म्हणतात, 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक'.

"विनंत्या का नको?" आईने विचारलं, आणि विचारता विचारता तिचा आवाज बारीक झाला.

मास्तरांनी टॉवेल काढला. चेहरा लालबुंद. "हे तुम्ही मला विचारताय?"

आई खुर्चीवर बसली. सहा आठवड्यांपूर्वी तिनेच पेटीत चिठ्ठी टाकली होती. 'एका आईची विनंती आहे. अडतीस वर्षं झाली तरी मुलीचा हट्ट सुटत नाही. देवाने तिला सुबुद्धी द्यावी आणि ती एकदाची मार्गी लागावी.' नाव घातलं नव्हतं. नियम पाळला होता. पण त्या चर्चमध्ये बिनलग्नाची अडतिशीची मुलगी एकच होती, आणि ती त्या रविवारी वाचनपीठापाशी हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन उभी होती.

"त्या रविवारी तुमची पाळी होती ना," आई म्हणाली. "तुम्ही वाचणार म्हणून तर मी टाकली. तुमचा खोकला आडवा आला."

"म्हणजे माझ्या तोंडून चाललं असतं?"

आईने वाफेचं भांडं उगाच कडेला सरकवलं.

"तिने ते अक्षर ओळखलं नसेल?" मास्तर म्हणाले. "ती चिठ्ठी बाजूला ठेवू शकली असती. पण चिठ्ठी गाळायची नाही हा नियम तिचाच. वाचली. मग चारशे माणसं एका सुरात म्हणाली, ऐक. मी मागच्या बाकावर खोकत बसलो होतो. गाणाऱ्यांच्यात दोघी तोंडाला रुमाल लावून हसत होत्या."

आईला तो दिवस आठवला. विसरला नव्हताच, फक्त उलटा करून ठेवला होता. थोरली एकाही शब्दाला अडली नव्हती. 'हट्ट' या शब्दालाही नाही. आईला तेव्हा मनातून बरंच वाटलं होतं की पोरीने मनाला लावून घेतलं नाही.

"पण मग रांगेत का जात नाही? यात तिचं काय पाप?"

"मी विचारलं होतं. म्हणाली, 'मास्तर, कुणावर राग असेल तर आधी जाऊन समेट कर आणि मग वेदीपाशी ये, असं आपण लोकांना वाचून दाखवतो. माझ्या मनातला राग अजून जात नाही. मग तसंच कसं जाऊ?' राग कुणावर ते बोलली नाही. मीही विचारलं नाही."

"मग तिने माझ्याशी भांडायचं. चार शब्द बोलायचे."

"तुमच्याशी?" मास्तरांनी पुन्हा टॉवेल डोक्यावर घेतला. "तुम्ही दोघी गोळ्यांच्या डबीशिवाय कशावर बोलता?"

आई घरी आली. दिवा न लावता बराच वेळ पलंगावर बसून राहिली. आजार नव्हता, उंच माणूस नव्हता, रजिस्टर लग्न नव्हतं. खरं तर जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडेना. कारण आता तिला दुसरंच दिसत होतं. त्या एका बाकावर दोघी बसत होत्या. मनात राग धरला म्हणून एक पाच रविवार जागची हलली नव्हती. आणि जिने चारशे लोकांसमोर पोरीला उभं केलं, ती दर रविवारी तिच्याच गुडघ्यांवरून वाट काढत, हात जोडून रांगेत जात होती.

उद्या सहावा रविवार. बसून राहायची सवय लागते माणसाला. सहाव्यानंतर सातवा काही जड जात नाही, आणि मग एक दिवस बाकावर यायचंही कारण उरत नाही.

तिने मोबाइलवर निरोप लिहायला घेतला. 'उद्या जरा लवकर ये, बोलायचं आहे.' वाचला आणि खोडला. 'चुकलं माझं' असं लिहिलं, तेही खोडलं. कागदावर काय, पडद्यावर काय, पोरीसाठी पुन्हा काही लिहून ठेवायचं आणि तिने ते एकटीने वाचायचं, हे तिला नको झालं. चर्चमध्ये भेटल्यावर बोलू म्हणावं, तर तिथे फुलंवाल्या बाई खांबाला टेकून उभ्या असणार.

दुकान साडेसातला बंद होतं. भिंतीवरच्या घड्याळात सात चाळीस झाले होते. थोरली आता मशीन पुसून, शटर ओढून, जिना चढत असेल. फोन उचलेल, आणि उचलताक्षणी 'काय झालं, पाय दुखतोय का' असं विचारेल. त्यावर 'नाही, तू जेवलीस का' असं आपल्या तोंडून जाईल, मग गोळ्या, मग जिन्यातला दिवा, आणि दोन मिनिटांत फोन ठेवला जाईल. रागावली तर? 'आता कशाला' म्हणाली तर? काहीच बोलली नाही तर?

तर ऐकत थांबायचं, आईने ठरवलं. जेवणाचं विचारायचं नाही. पहिलं वाक्य चिठ्ठीचं. तिने दिवा लावला, थोरलीने बसवून दिलेला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिचा नंबर लावला.