मखमली शेंगा

शेजारच्या पडवीत शेंगांचा गुच्छ टांगलेला दिसला. उतरत्या उन्हात त्यांची सोनेरी लव चमकत होती. मी कपाळाला हात लावला. शहरातून आमच्या डोंगरात राहायला आलेलं ते कुटुंब दिवसभर रान बघायला गेलं होतं. ते रान म्हणत नाहीत, निसर्ग म्हणतात. आणि शोभेला म्हणून खाजकुइली तोडून आणली! शेळीसुद्धा तिच्या वाऱ्याला उभी राहत नाही.

आत त्यांची चार वर्षांची पोर अंग खाजवत किंचाळत होती. बाप मोबाइलमध्ये उपाय शोधत होता.

"ओलं शेण चोळा," मी म्हटलं.

"शेण? शी! आजी, काहीतरीच काय!" आई म्हणाली.

"मग बघत बसा निसर्ग."

या लोकांना देखणं दिसलं की घरात टांगायला हवं. माझी शाळा चौथीपर्यंतची. पण कशाला हात लावायचा नाही, हे मला शाळेत जायच्या आधी कळत होतं.

शेवटी मीच पोरीला उचलून गोठ्यात नेलं आणि हातापायांना शेण चोळलं. हळूहळू तिचं रडं थांबलं. आई नाकाला ओढणी लावून दारात उभी होती. नवरा घरात परत गेल्यावर ती जवळ आली आणि तिने आपले लाल झालेले दोन्ही हात माझ्यापुढे धरले.