करंजाच्या तेलावर तापणारी खोली

ग्यानोबा सूर्यवंशींशी बोलायचं तर गावात सगळे ओरडूनच बोलायचे. निलंग्याच्या आसपासच्या मळ्यांतली ऑइल इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली, आणि त्या धडधडीत कानही गेले. इंजिनावर तळहात टेकला की आत काय बिघडलंय ते त्यांना कळायचं.

उस्मानाबादपासून तुटून लातूर वेगळा जिल्हा झाला, त्यानंतर थोड्याच वर्षांनी मोठा दुष्काळ पडला. विहिरींचे तळ उघडे पडले. उपसायला पाणीच नाही, तर इंजिन कोण चालवणार? ग्यानोबांनी भाड्यानं द्यायचं स्वतःचं इंजिन पोत्यानं झाकलं आणि ते बायको चांगुणासोबत रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागले.

त्या रस्त्याकडेला, आटलेल्या ओढ्याच्या काठी करंजाची झाडं होती. सगळं रान करपलं तरी ती हिरवी. चांगुणाबाई जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या शेंगा वेचायच्या. बरोबरच्या बायका हसायच्या, "कडू जहर ते. ढोरं बी तोंड लावत न्हाईत."

"घाण्यावर तेल काढीन. दिव्याला होईल. राकेल कुठं मिळायलंय?" चांगुणाबाई म्हणायच्या. पावसाळा कोरडाच गेला, तोवर त्यांच्या घरात दोन डबे तेल साठलं होतं.

त्या हिवाळ्यात लेक तारामती भोकरहून बाळंतपणाला आली आणि दिवस भरायच्या आधीच मोकळी झाली. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढीशी. डॉक्टर तपासून गेले. बाळ दूध ओढत होतं, म्हणून घरी ठेवायला हरकत नाही म्हणाले. उपकेंद्राच्या दानम्मा सिस्टरनी मात्र आपल्या कानडी वळणानं तारामतीला बजावलं, "अव्वा, लेकराला छातीशी धरून ठेव. खोली गार पडू देऊ नको. पण धूर बिलकुल नको, त्याचा जीव घाबरा होईल."

खोली पत्र्याची. वारा फटीतून सरळ आत यायचा. चांगुणाबाईंनी दारं लावून शेगडी पेटवली. थोड्या वेळानं ग्यानोबांनी नातीला उचललं. तिचा खोकला त्यांना ऐकू आला नाही, पण पाठीखालच्या हाताला तो जाणवला. एवढ्याशा अंगात बसणारे ते गचके. त्यांनी बाळ लेकीकडे दिलं, शेगडी उचलली आणि अंगणात नेऊन ठेवली.

"अवं, गारठंल की ती!" चांगुणाबाई ओरडल्या.

"आग भायेर ठिवू," ग्यानोबा म्हणाले. "नुसती ऊब आत आणू."

त्यांनी इंजिनावरचं पोतं काढलं. किती वर्षं जपलेलं इंजिन. त्याची टाकी, तांब्याची नळी, धुराचा पाइप, एकेक सुटं होत गेलं. भिंतीबाहेर पत्र्याच्या डब्याची भट्टी केली. इंजिनाचा तो धुराचा पाइप भट्टीला जोडून भिंतीतून आत घेतला, खोलीतून आडवा नेला आणि पलीकडच्या भिंतीतून बाहेर काढून वर उभा केला. सांध्यांना चिखल लिंपला. टाकीत करंजाचं तेल ओतलं. नळीतून ते थेंब थेंब भट्टीतल्या लोखंडी परातीत पडू लागलं.

काकडा लावला, तर काळ्या धुराचा लोट उठला. माणसं जमली, डोळे चोळत मागं सरली. ग्यानोबांचं तोंड काजळीनं माखलं. ते मटकन खाली बसले. "जमत न्हाई," म्हणाले.

चांगुणाबाई त्यांच्या कानाशी वाकल्या. "तवा तापल्याबिगर तेल सोडत्यात का कुणी? आधी तुराट्या जाळा."

त्यांनी टाकीची तोटी बंद केली आणि परातीखाली तुरीच्या वाळक्या तुराट्या पेटवल्या. परात लालसर झाली तेव्हा तोटी जरा सैल केली. थेंब पडला आणि पडताच पेटला. धूर विरळ होत गेला. दुपार कलेपर्यंत खोलीतल्या पाइपाजवळ हात धरवेना. सिस्टर येऊन पाहून गेल्या. सांध्यांशी नाक लावून वास घेतला, खिडकी बोटभर उघडी ठेवायला लावली.

"आबा, पाय गरम झाले माझे," तारामती म्हणाली. त्यांना ऐकू गेलं नाही. तिनं त्यांचा हात ओढून बाळाच्या पाठीवर ठेवला. पाठ कोमट होती आणि श्वास एकसारखा चालला होता. ग्यानोबांच्या तोंडावरच्या काजळीतून डोळ्यांतलं पाणी ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही.

जावई व्यंकटी भोकरहून आला तो भट्टीपाशीच बसला. तेल संपलं की भरायचा, तोटी बघायचा. साठा आटत आला, तेव्हा ज्या बायका हसल्या होत्या त्यांनीच, चांगुणाबाईंचं बघून काढलेलं, दिव्यासाठी ठेवलेलं करंजाचं तेल तांब्या-तांब्यानं आणून दिलं. थंडी सरली तोवर मुलीच्या गालावर मांस चढलं होतं.

पुढं सिस्टरच्या सांगण्यावरून भट्टीसकट तोच पाइप उपकेंद्राच्या बाळंतिणीच्या खोलीत बसला. पाऊस परतला, विहिरी भरल्या. ग्यानोबांचं इंजिन मात्र तसंच सुटं पडून होतं.

"पाइप काढून न्या आता, सूर्यवंशी," सिस्टर त्यांच्या कानाशी म्हणाल्या. "इंजिन भाड्यानं देणं तुमचा धंदा हाय."

"लोकांची इंजिनं दुरुस्त करतो की," ग्यानोबा म्हणाले. "माझं ऱ्हाऊ द्या हितंच. गारठा काय एक सालचा हाय का?"

दर दिवाळीआधी ते काठीला चिंध्या बांधून पाइपातली काजळी काढून यायचे. आणि बाळंतपणाला बाई उपकेंद्रात न्यायची तर घरचे लोक कपड्यांच्या गाठोड्याबरोबर करंजाच्या तेलाची बाटलीही घ्यायला लागले.