नानांचं इंग्रजी ताक

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साल. मी पंचेचाळीस वर्षांचा. शेजारचे श्रावण नाना ताकाचा पेला उन्हात धरायचे, त्याला दोन बोटं आडवी लावायचे आणि म्हणायचे, "लार्ज." एकच बोट लावलं की "स्मॉल." भुसावळला साहेबलोकांच्या क्लबात त्यांनी बावीस वर्षं दारू वाढली, स्वतः थेंब चाखला नाही. चोपड्याला परत आले ते एवढे शब्द घेऊन.

मी तिसरी शिकलेला, पण कुणापुढे कमी पडलेलो नाही. मुलीसाठी नाशिकचं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, बाप इंग्रजी फाडणारा. त्यांना मळ्यात भरीत पार्टीला बोलावलं आणि नानांना म्हणालो, "पार्टीचं इंग्रजी शिकवा."

"पेवानं काम नई, भाऊ. फक्त बोलानं," नाना म्हणाले. आठ दिवस ताकावर शिकवणी चालली.

पार्टीला काड्यांच्या जाळावर वांगी भाजली, नाना ती लाकडी बडगीत ठेचायला बसले. मी पाहुण्यांच्या हाती ताक दिलं. "चीअर्स! स्मॉल की लार्ज? ऑन द रॉक्स? बॉटम्स अप!" एक शब्द चुकला नाही. मुलाच्या बापाचा चेहरा मात्र उतरत गेला. पेला खाली ठेवून ते मुलाला म्हणाले, "ऊठ. ताक आपल्याला दाखवण्यापुरतं आहे. हे शब्द असे तोंडात बसायला रोजची बैठक लागते. पिणाऱ्याच्या घरची सोयरीक नको."

पाहुणे चपला घालू लागले. हात जोडून थांबवणं तर मला जन्मात जमलं नाही.

नाना ठेचता ठेचता, मान वर न करता म्हणाले, "भाऊ, पाहुणा चालनात. हँगओव्हर दे ना त्यासले!"

हा शब्द त्यांनी शिकवलाच नव्हता. पण ठाऊक नाही म्हणेन तो मी कसला! "अहो, बसा," मी म्हणालो. "आमचा हँगओव्हर घरच्या दुधाचा असतो. पोटभर खा, सोबतही बांधून देतो."

मुलाचा बाप माझ्याकडे पाहतच राहिला. मग असा हसला, की ठसका लागला. "या माणसानं जन्मात दारू घेतलेली नाही!"

"हाऊ फक्त ताक पेस," नाना म्हणाले. "शब्द बठ्ठा मना, क्लबना."

तिथंच सुपारी फुटली. नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण जावई जेवायला बसला की अजून विचारतो, "मामा, हँगओव्हर आहे का शिल्लक?"

पार्टीच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच मी नानांच्या ओट्यावर जाऊन बसलो. "काय होता हो तो शब्द?"

"काल पार्टी, आज डोकं धरीसन बसनं. तोच हँगओव्हर. तुले व्हयेल शे."

"मला काही झालेलं नाही," मी डोक्यावरचा हात काढून म्हणालो. त्यांचा ताकाचा पेला उचलून एका दमात रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला. "लार्ज."